मृगाआधी उतार पाहू या

सात किंवा आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि पंचांगातल्या त्या एका ओळीकडे डोळे लावून बसलेला महाराष्ट्र कामाला लागतो. कुणी नक्षत्राचे वाहन कोणते ते पाहतो, कुणी बियाण्याची पिशवी उघडून दाणा तळहातावर घेतो. कोकणात त्याआधीच घरे शाकारून झालेली असतात, अंगणातला मांडव उतरलेला असतो, सुकी लाकडे पडवीत रचलेली असतात. देशावर कडब्याच्या गंजी झाकल्या जातात, बांधांची डागडुजी होते, नांगरटीत बुजलेले चर पुन्हा उकरले जातात. अलीकडे पाऊस पंचांगाला विचारून येत नाही. २०२५ साली तर मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाले. तरीही मृगाने आपल्या हातांना लावलेली सवय मोडलेली नाही. पाणी येण्यापूर्वी पाण्याची वाट मोकळी करून ठेवायची, ही ती सवय. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी आहे, आणि शेजाऱ्याविषयीचा एक न बोललेला करारही आहे.

शहरातही या सवयीचे एक रूप उरले आहे. महापालिकांची नालेसफाई ३१ मेच्या मुदतीकडे धावू लागते, गाळाचे ढीग काठावर दिसू लागतात, किती टक्के गाळ निघाला यावरून वर्तमानपत्रांत वाद झडतात. ते व्हायलाच हवेत. पण नाला हा पाण्याच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा. पहिला टप्पा आपल्या घराच्या भिंतीपाशी सुरू होतो. छपरावरून पडलेले पाणी अंगणात कुठे वळते, अंगणातून शेजारच्या प्लॉटमध्ये जाते की रस्त्याकडे, रस्त्यावरून पावसाळी गटारात शिरते की समोरच्या घराच्या पायरीशी साचून राहते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. या टप्प्याची चर्चा आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच होते. चारशे-पाचशे फुटांच्या अंतरात जमीन हातभर खाली गेली आहे हे उन्हाळ्यात चालणाऱ्याच्या पायाला जाणवत नाही. पाण्याला मात्र ते नेमके ठाऊक असते.

आज आपण ज्या वसाहतींत राहतो त्यांतल्या कितीतरी कालपरवापर्यंत शेते होती. प्लॉट घेताना आपण सातबारा पाहतो, रस्त्याची रुंदी मोजतो, नळ कधी येणार, वीज कधी येणार ते विचारतो. ज्या शेताचे हे तुकडे पडले त्याचा वरचा बांध कोणता आणि खालचा कोणता, हे मात्र विचारत नाही. ते शेत कसणाऱ्याला हे सारे तोंडपाठ होते. उताराला आडवी ताल घातलेली असे, तालीत दगडी सांडवा ठेवलेला असे, भरलेल्या वावरातले जादा पाणी त्या सांडव्यावरून खालच्या वावरात, तिथून त्याच्या खालच्या वावरात आणि शेवटी ओघळीतून ओढ्यात जात असे. सांडवा कुठे ठेवायचा यावरून भाऊबंदांत भांडणे होत, पंचांपुढे जात, वर्षानुवर्षे बोलणे बंद होई. पण दोन गोष्टी दोन्ही बाजूंना मान्य असत. नैसर्गिक उताराने येणारे पाणी खालच्याने घ्यायचे, आणि वरच्याने ते मुद्दाम वळवून एकाच ठिकाणी शेजाऱ्याच्या अंगावर सोडायचे नाही.

यातली पहिली गोष्ट १८८२ च्या ईझमेंट कायद्यानेही नोंदवून ठेवली आहे. वरच्या जमिनीवर पडणारे पाणी खालच्या जमिनीकडे स्वाभाविकपणे वाहू देण्याचा हक्क त्या कायद्याने वरच्या मालकाला दिला. पुढे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने, शेतजमिनीवरच्या पाण्याची नैसर्गिक वाट कुणी बेकायदा अडवली आणि त्यामुळे शेताचे किंवा पिकाचे नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला, म्हणजे आजच्या तहसीलदाराला, दिला. दिवाणी कोर्टात वर्षे घालवण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत तालुक्याला अर्ज करावा, जागेवर पाहणी व्हावी, आदेश व्हावा, असा हा सोपा उपाय आहे आणि खेड्यापाड्यांतून आजही तो वापरला जातो.

आता त्या शेताचे रेखांकन होते. जमीन बिनशेती होते, चुन्याच्या फकीने आखणी होते, चारी कोपऱ्यांना दगड बसतात, रस्त्यांना नावे मिळतात. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते, तिच्याकडे आपले लक्ष जावे असे मनापासून वाटते. मामलेदार कोर्ट कायदा शेती, कुरण, झाडे आणि पिके यांच्या जमिनीपुरता आहे. शेताचा प्लॉट झाला की तालुक्यातला तो जवळचा दरवाजा मिटतो. म्हणजे जमिनीवरून वाहणारे पाणी ज्या क्षणी कित्येक पटींनी वाढणार असते, त्याच क्षणी त्या पाण्याविषयीच्या तंट्याचा सर्वांत जलद निवाडा आपल्या हातून जातो. शेतकऱ्याला जे संरक्षण होते ते प्लॉटधारकाला राहत नाही, आणि त्याच्या जागी दुसरे तितके सुलभ काही आपण उभे केलेले नाही.

पाणी किती वाढते याचा हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरची एक जोरदार सर त्या एकरावर दोन लाख लिटर पाणी ओतते. दहा हजार लिटरचे वीस टँकर. तिथे नांगरलेले शेत होते तेव्हा त्यातला मोठा वाटा ढेकळांत जिरत असे, थोडा तालीमागे थांबत असे आणि उरलेला सावकाश ओघळीला लागत असे. आता तिथे स्लॅब आहे, काँक्रीटचा रस्ता आहे, गाडी लावण्यासाठी फरसबंदी आहे, अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. आता विसांपैकी सोळा-सतरा टँकर थेट वाहू लागतात, आणि तेही एकाच वेळी. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून येईल असे मानून बांधलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० मिलिमीटर पाऊस धरा आणि पडेल ते सगळेच पाणी वाहील असे समजा, असे सांगितले. मधल्या काळात त्या शहराची जमीन किती झाकली गेली होती, ते या एका बदललेल्या गृहीतकावरून उमगते. त्यानंतर बारा वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसापुढे कोणतेच गणित टिकले नसते हे खरे; पण दर वर्षीच्या साध्या सरींपुढेही जे टिकत नाही, त्याचे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्यासमोर उभा आहे.

वसाहतीची जमीन घडवणे म्हणजे काय, हे एकदा समजून घेतले पाहिजे. काम सुरू होण्यापूर्वी दुर्बीण लावून साऱ्या जागेच्या पातळ्या घ्यायच्या, समोच्च रेषांचा नकाशा करायचा आणि पाणी आज कुठून येते व कुठे जाते ते त्यावर वाचायचे. मग रस्त्यांची आखणी अशी करायची की रस्ता हा आजूबाजूच्या प्लॉटपेक्षा खाली राहील आणि त्याच्या कडेचे पावसाळी गटार त्याहून खाली. प्रत्येक प्लॉटची पातळी त्या रस्त्यावरून ठरवायची, मागच्या हद्दीपासून पुढच्या रस्त्याकडे सलग उतार द्यायचा, आणि जिथे जमीन उलट्या बाजूला ढळते तिथे दोन प्लॉटच्या पाठीला पाठ लागते त्या रेषेवर एक उथळ चर राखून ठेवायचा. पन्नासाला एक हा उतार डोळ्यांना दिसतही नाही, दहा मीटरला जेमतेम वीस सेंटीमीटर; तेवढाही पाण्याला पुरतो. राष्ट्रीय इमारत संहितेने जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर उंच असावे असे म्हटले आहे, आणि त्याच वाक्याच्या आधी जागेचा निचरा नीट होईल अशा रीतीने जोते बसवावे असेही म्हटले आहे. आपण आकडा लक्षात ठेवला, त्याआधीची अट विसरलो.

हे सारे पहिली वीट लागण्यापूर्वी व्हायचे असते. एकदा घरे उभी राहिली की जमिनीचा उतार बदलणे जवळजवळ अशक्य होते, कारण मग बदलायची असतात ती माणसांची उंबरठ्याची उंची, त्यांची फाटके, त्यांच्या भिंती, त्यांची झाडे. म्हणून रस्ते, वीज, नळ यांच्याआधी जमिनीचा उतार हे कोणत्याही वसाहतीचे पहिले सार्वजनिक बांधकाम आहे, अशी आमची धारणा आहे. ते कुणा एकाच्या मालकीचे नसते आणि म्हणूनच त्याला वालीही नसतो.

प्रत्यक्षात काय घडते ते आपण सगळेच पाहतो. यंत्र येते, माथ्यावरची माती खरवडून खोलगट भागात लोटते, वर मुरमाचा थर पडतो, रोलर फिरतो आणि जागा सपाट दिसू लागते. सपाट जागा गिऱ्हाइकाला आवडते. ओढ्याची वाकडी रेघ सरळ केली जाते, तिच्या जागी सिमेंटचा पाइप येतो, पाइपावर माती येते आणि मातीवर प्लॉट. पुढे एकेक जण घर बांधू लागतो. पहिला आपल्या सोयीने जोते ठरवतो. दुसरा त्याच्यापेक्षा फूटभर उंच जातो, कारण पहिल्याच्या घरी पाणी शिरलेले त्याने पाहिलेले असते. तिसरा दोन फूट भराव घालतो. जो पहिला आला, ज्याने सर्वांत आधी या ओसाड जागेवर विश्वास ठेवला, तोच शेवटी खड्ड्यात राहतो. वास्तुशास्त्र पाळणारी कुटुंबे उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे उतार शुभ मानतात आणि तसा भराव घालून घेतात. ही श्रद्धा ज्याची त्याची. पण वसाहतीचा ओढा नैर्ऋत्येला असेल आणि प्रत्येकाने आपापले पाणी ईशान्येला वळवले, तर ते पाणी कुणाच्या तरी अंगणातच थांबते. काळ्या मातीच्या पट्ट्यात हा प्रश्न आणखी खोल जातो. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. पायाभोवती चार महिने पाणी मुरत राहिले की तिच्या फुगण्या-आकसण्याने भिंतींना चिरा पडतात. त्या चिरांचे कारण घरमालक सिमेंटमध्ये शोधतो, गवंड्यात शोधतो. खरे कारण पुष्कळदा उताराचे असते.

आणि मग रस्ता. या एका गोष्टीपाशी आपल्याला थांबलेच पाहिजे, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्याच मागणीवरून घडते. रस्ता खराब झाला की आपण नवा थर मागतो. जुना थर खरवडून काढून तेवढ्याच उंचीचा नवा घालावा ही योग्य पद्धत. पण ते महाग आणि वेळखाऊ, म्हणून जुन्यावरच नवा पसरला जातो. एक थर चार-पाच सेंटीमीटरचा. पाच वेळा डांबर पडले की रस्ता वीस-पंचवीस सेंटीमीटर वर येतो, म्हणजे संहितेने दिलेल्या ४५ सेंटीमीटरच्या जोत्यातला निम्मा भाग आपण आपल्याच करातून पुरून टाकतो. त्यावर काँक्रीटीकरण आले की उरलेला निम्माही जातो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कोणत्याही वसाहतीत फिरून पाहावे. रस्त्यावरून अंगणात उतरायला पायऱ्या दिसतील. कधी काळी त्याच पायऱ्या चढून आत जावे लागत होते. फाटकाखाली विटांचा उंबरा रचलेला दिसेल, त्यावर सिमेंटचा लेप दिसेल. निवृत्तीच्या पैशांतून बांधलेल्या त्या घरात आता म्हातारी दोघेच असतात, आणि जुलैच्या रात्री जोराची सर आली की ती दोघे उठून पोती उंबऱ्याशी लावतात. रस्ता चांगला झाला म्हणून ज्या दिवशी त्या गल्लीत पेढे वाटले गेले, त्या दिवशी ही रात्र ठरून गेली होती. ठेकेदाराच्या निविदेत रस्त्याची अंतिम पातळी लिहिलेली असावी आणि ती शेजारच्या जोत्यांच्या किती खाली राहील हे कामाआधी फलकावर लागावे, एवढी साधी मागणी आपण कधी केली नाही. ती करायला हवी.

वरच्या वसाहतीने सोडलेले पाणी खाली काय करते, याची आठवण पुण्याला नव्याने करून द्यायला नको. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि मुठेला मिळतो. पूर्वी तो शहरातून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो पर्वतीच्या बाजूने वळवला गेला. ओढे वळवण्याची कला आपल्याला नवी नाही, असे यावरून म्हणता येईल. पण तेव्हा वळवलेल्या ओढ्याला वाहायला जागा दिली होती, भोवती माळ होता, शेते होती, बागा होत्या. आज त्याच्या काठाने दोन्ही बाजूंना वस्ती दाटली आहे आणि त्याच्या वरच्या अंगाच्या टेकड्यांच्या उतारांवर रेखांकनांमागून रेखांकने झाली आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो ओढा भरून आला, अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीच्या परिसरात भिंती कोसळल्या, घरांत माणसे होती. त्या एका रात्रीच्या पावसाने पुणे शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे नेली. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वसाहतींत पाणी शिरले. दोन्ही घटना मृगाच्या नाहीत, पावसाळा सरत आलेला असतानाच्या आहेत. जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते, तलाव काठोकाठ असतात, आणि तेव्हा आलेली एक सर जूनमधल्या दहा सरींवर भारी पडते. म्हणूनच आपली मृगाआधीची तयारी जूनपुरती असून चालत नाही.

या सगळ्याची सर्वाधिक झळ कुणाला बसते? ज्यांना नियमाने झालेल्या रेखांकनातला प्लॉट परवडला नाही त्यांना. गावाच्या, शहराच्या कडेला एक-एक, दोन-दोन गुंठे घेऊन ज्यांनी घरे उभी केली, त्यांच्या वस्तीला कुणी अभियंत्याने दुर्बीण लावलेलीच नव्हती. विकणाऱ्याने दोरी धरून तुकडे पाडले आणि सर्वांत खोलगट तुकडा सर्वांत स्वस्त विकला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्यांना नियमित होण्याची वाट दिली आणि पुढे तिची मुदतही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांसाठी वाढवली गेली. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची तलवार त्याने दूर झाली, याचे स्वागतच करायला हवे. पण कागद नियमित झाला तरी जमीन होती तशीच राहिली. त्या घरांकडून घेतलेल्या विकास शुल्कातला पहिला रुपया त्या वस्तीच्या पावसाळी गटारावर आणि त्या गटाराला ओढ्यापर्यंत नेण्यावर खर्च व्हावा, असे आमचे ठाम मत आहे. दिव्याचे खांब आणि कमानी नंतर उभ्या राहिल्या तरी चालेल.

नियम आपल्याकडे नाहीत असे नाही. ज्यावर कुणाचा खासगी हक्क सिद्ध झालेला नाही असे ओढ्या-नाल्यांचे पात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शासनाची मालमत्ता ठरवले आहे. २०२० साली लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ओढ्याचा प्रवाह आपल्याच जमिनीच्या आत थोडा सरकवायची परवानगी मिळू शकते, पण तो जिथून आत येतो आणि जिथून बाहेर पडतो ती दोन ठिकाणे बदलता येत नाहीत. नियम लिहिणाऱ्याला पाण्याचा स्वभाव कळलेला होता, हे या एका अटीवरून दिसते. नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आहे, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आहे. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पाऊस जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. उणीव आहे ती शेवटच्या टप्प्याची. रेखांकन मंजूर करताना कागदावर जे उतार दाखवले होते ते जमिनीवर उतरले की नाही, हे मोजून पाहिल्याशिवाय प्लॉटविक्रीला मोकळीक मिळू नये. कॅनडातल्या एडमंटनसारख्या शहरात, जिथे आता मराठी कुटुंबेही राहतात, नव्या घराच्या जमिनीची पातळी आधी कच्ची आणि मग पक्की अशी दोनदा तपासून मान्य केली जाते. अमेरिकेत घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या निवासी संहितेत पायापासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरलेली असावी असे लिहिलेले आहे. तिथला प्रश्न वितळणाऱ्या बर्फाचा आणि तळघरांचा, आपला प्रश्न चार महिन्यांच्या पावसाचा. पण बांधून झालेली जमीन कुणीतरी जबाबदार माणसाने मोजावी, सही करावी आणि ती सही घरमालकाच्या हाती द्यावी, ही पद्धत इथे आणायला कोणतीच अडचण नाही. भोगवटा पत्र देताना नगरपालिका जिना मोजते, पार्किंग मोजते, सामासिक अंतरे मोजते. त्याच फेरीत अंगणाच्या चार कोपऱ्यांची पातळी मोजायला अर्धा तास लागेल.

शासनाचे कर्तव्य सांगून आपले संपत नाही. वसाहतीचा विकासक पाच-सात वर्षांत पुढच्या गावी जातो. उताराची राखण उरते ती तिथे राहणाऱ्यांकडे. आणि राखण मोडते तीही आपल्याच हातून. दोन प्लॉटमधला चर फुकट गेलेली जागा वाटतो म्हणून तिथे न्हाणीघर येते, कुंपणाची भिंत जमिनीपर्यंत बंद केली जाते आणि तिच्या तळाशी पाणी जायला भोके ठेवायचे राहून जाते. बागेसाठी आणलेली माती हद्दीवर चढत जाते. अंगणात चिखल नको म्हणून संपूर्ण फरशी होते. छपराच्या पन्हळीचा पाइप थेट मैलावाहिनीच्या चेंबरमध्ये सोडला जातो आणि पहिल्या जोरदार सरीला खालच्या गल्लीतली चेंबरची झाकणे उचलली जातात. यातले एकही काम कुणी वाईट हेतूने करत नाही. आपल्या आजी-पणजींच्या अंगणाला मात्र उतार असे. सारवताना त्या तो हाताने राखत, वळचणीखाली दगड बसवत म्हणजे पागोळ्यांनी माती उकरली जाऊ नये, आणि परसातले पाणी केळीच्या, अळवाच्या आळ्यात नेऊन सोडत. शेजाऱ्याच्या दारात आपले पाणी जाऊ नये, हे त्यांना कुणी नियमावलीतून शिकवलेले नव्हते. जे सारवणात होते ते फरशीतही ठेवता येते. निम्मे अंगण मातीचे राखता येते, भिंतीच्या तळाशी दर दोन-तीन मीटरला एक मोरी ठेवता येते, पन्हळीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा विहिरीत नेता येते, आणि बुजवलेला चर या आठवड्यात दोन माणसे लावून मोकळा करता येतो.

यंदाची पहिली मोठी सर येईल तेव्हा, विजा थांबल्यावर, आपापल्या वसाहतीत एक फेरी मारू या. छत्री, रेखांकनाची प्रत आणि एक पेन्सिल पुरे. सर्वांत वरच्या प्लॉटपासून पाण्याबरोबर चालत जाऊ या, ते कुठे वळते, कुठे थांबते, कुणाच्या फाटकातून आत जाते आणि शेवटी ओढ्याला मिळते की नाही, ते त्या नकाशावर बाणांनी काढू या. तरुणांनी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे. ज्येष्ठांनी तिथे पूर्वी ओघळ कुठून जात होती ते सांगावे, कारण ती माहिती कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. जमिनीचे काम पावसात होत नाही, ते दिवाळीनंतर, माती वाळल्यावर करायचे. पण कुठे करायचे हे फक्त पावसातच दिसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांना आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर पाण्याचा निचरा हा विषय लेखी घालून घ्यावा, तो नकाशा सभेपुढे ठेवावा, आणि सर्वांत खालच्या प्लॉटवर राहणाऱ्या कुटुंबाला सर्वांत आधी बोलू द्यावे, ही आमची सर्व वाचकांना विनंती आहे.